पायथॉनमधील आरक्षित शब्द आणि चलांचे नामकरण : देवनागरी नावांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

संगणकाच्या कोणत्याही भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत दोन प्रकारचे शब्द आढळतात. काही शब्द त्या भाषेच्या मालकीचे असतात. त्यांचा अर्थ भाषेच्या कर्त्याने ठरवून दिलेला असतो व तो बदलण्याची मुभा आज्ञावली लिहिणाऱ्यास नसते. यांना आरक्षित शब्द असे म्हणतात. उरलेले शब्द म्हणजे चलांना, फंक्शनांना व इतर घटकांना आज्ञावलीकाराने दिलेली नावे होत. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत या दोन्ही विषयांना मिळून एखाद-दुसरे पान दिलेले असते. आरक्षित शब्दांचा तक्ता, नाव कसे असावे याचे चार नियम, आणि पुढील प्रकरण! विद्यार्थी तक्ता पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि प्रयोगशाळेत मात्र नेमका याच ठिकाणी अडखळतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. त्याच्या दृष्टीने आज्ञावलीतील सर्वच शब्द परके असतात. त्यामुळे भाषेचा शब्द कोणता आणि पुस्तकाच्या लेखकाने केवळ सोयीसाठी घेतलेले नाव कोणते, हे त्याला नुसते पाहून ओळखता येत नाही.

प्रस्तुत लेखात या दोन शब्दवर्गांमधील भेद स्पष्ट करण्याचा आणि त्या अनुषंगाने, प्रारंभिक अध्यापनात चलांना देवनागरी नावे देण्याचा विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेख देवनागरीत असल्याने पायथॉनचे रोमन शब्द येथे उच्चारानुसार दिले आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत इफ, फॉर, प्रिंट यांसारखे शब्द आणि अंक रोमन लिपीतच लिहावे लागतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आरक्षित शब्द : संख्या आणि स्वरूप

शब्द आरक्षित करणे ही संगणकीय भाषेची अपरिहार्य गरज आहे, असे नाही. १९५७ मध्ये आयबीएमने उपलब्ध करून दिलेल्या फोरट्रान भाषेत आरक्षित शब्द नव्हते. पुढे १९६० च्या दशकात आलेल्या पीएल-वन या भाषेतही इफ, देन, एल्स हे शब्द चलांची नावे म्हणून वापरता येत असत. एकाच विधानात इफ हा शब्द एकदा अट म्हणून आणि एकदा चल म्हणून आला, तरी संदर्भावरून यंत्र तो ओळखू शके. वाचणाऱ्या माणसाची मात्र पुरती तारांबळ उडे. याउलट कोबोल या भाषेत आरक्षित शब्दांची संख्या काही शेकड्यांत आहे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत ते ३२ होते. पायथॉनने सी भाषेच्या जवळचा मार्ग स्वीकारला : थोडे शब्द, पण पूर्णपणे आरक्षित.

पायथॉनची निर्मिती गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत १९८९ च्या अखेरीस सुरू केली व १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसृत झाली. पायथॉनमध्ये आरक्षित शब्द किती, या प्रश्नाचे उत्तर काही पुस्तकांत ३१, काहींत ३३ तर काहींत ३५ असे मिळते. विद्यार्थी यातील एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक मानतात. वस्तुतः तिन्ही उत्तरे आपापल्या काळी बरोबर होती. पायथॉन २.७ मध्ये ३१ शब्द आरक्षित होते. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने प्रिंट व एक्झेक यांना यादीतून वगळून साध्या फंक्शनांचा दर्जा दिला आणि ट्रू, फॉल्स, नन व नॉनलोकल हे चार शब्द यादीत घेतले. संख्या ३३ झाली. तोवर ट्रू हा शब्द आरक्षित नसल्यामुळे ट्रू = फॉल्स असे विधान दुसऱ्या आवृत्तीत बिनतक्रार चालत असे! पुढे जून २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीत असिंक व अवेट पूर्णतः आरक्षित झाले व संख्या ३५ वर गेली. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला असल्याने ३१ शब्दांचा तक्ता आता केवळ इतिहास म्हणून शिकवावा.

तक्ता पाठ करण्याची तशी आवश्यकताही नाही. पायथॉनसोबत येणाऱ्या कीवर्ड या मॉड्यूलमध्ये केडब्ल्यूलिस्ट नावाची यादी असते. ती छापून पाहिली की आपल्या संगणकावरील आवृत्तीचे आरक्षित शब्द समोर येतात. त्यांपैकी ट्रू, फॉल्स व नन हे तीनच शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात, हेही तेथेच दिसते.

नवा शब्द आरक्षित करणे ही भाषेच्या दृष्टीने महागडी गोष्ट असते. तो शब्द कोणीतरी, कोठेतरी नाव म्हणून आधीच वापरलेला असतो. असिंक आरक्षित होताच ट्वीपी या ट्विटरविषयक ग्रंथालयातील एका प्राचलाचे आणि सेलेरी या ग्रंथालयातील एका मॉड्यूलचे नाव बदलावे लागले, कारण जुने नाव असलेली फाइल नव्या आवृत्तीत वाचलीच जाईना. या अनुभवानंतर ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० आवृत्तीत मॅच व केस हे शब्द, आणि २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत टाइप हा शब्द, सौम्य आरक्षित म्हणून आणले गेले. म्हणजे विशिष्ट रचनेत ते भाषेचे शब्द ठरतात, एरवी नाव म्हणून मोकळे राहतात. पीएल-वनची जुनी कल्पना अशा रीतीने मर्यादित स्वरूपात परत आली आहे.

भाषेचे शब्द आणि विषयाचे शब्द

आरक्षित शब्दांशी होणारा संघर्ष हा बहुधा अज्ञानातून होत नाही. आपल्या विषयाचा अगदी योग्य शब्द वापरायला गेल्यामुळे तो होतो. निकालपत्रकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास इयत्तेसाठी क्लास आणि उत्तीर्णतेच्या गुणांसाठी पास ही नावे सुचणे स्वाभाविक आहे. दोन्ही शब्द आरक्षित आहेत. प्रवासभाड्याच्या आज्ञावलीत फ्रॉम, परराष्ट्र व्यापाराच्या आकडेवारीत इंपोर्ट, कृषिशास्त्रात हेक्टरी उत्पादनासाठी यील्ड, पदार्थविज्ञानात तरंगलांबीसाठी लॅम्डा असे प्रत्येक ज्ञानशाखेचे दुखणे निराळे. खुद्द पायथॉनची प्रमाणित ग्रंथालयेही यातून सुटलेली नाहीत. रँडम मॉड्यूलमधील एक्स्पोव्हेरिएट या फंक्शनच्या प्राचलाचे नाव शेवटचे अक्षर गाळून लॅम्ड असे ठेवलेले आहे, आणि लॅम्डा हा शब्द आरक्षित असल्याने असे केले, हा खुलासा अधिकृत दस्तऐवजातच दिलेला असे.

यावरचा रूढ उपाय पेप ८ या शैलीविषयक नियमावलीत सांगितला आहे. ही नियमावली २००१ मध्ये तयार झाली. तिच्यानुसार शब्दाचे अक्षर गाळण्यापेक्षा शब्दाच्या शेवटी अधोरेषा जोडावी, म्हणजे क्लास_ असे लिहावे. माझ्या मते विद्यार्थ्यांना याहून सरस सल्ला देता येतो. नाव अधिक नेमके करावे. पास ऐवजी उत्तीर्णतेची किमान मर्यादा सांगणारे नाव घेतले, तर संघर्ष टळतो आणि अर्थही उजळतो.

आरक्षित नसलेले शब्द अधिक त्रासदायक का ठरतात?

आरक्षित शब्द नाव म्हणून वापरला तर पायथॉन वाक्यरचनेची त्रुटी दाखवतो व त्या फाइलमधील एकही ओळ चालवत नाही. चूक कळते, जागाही कळते. खरी अडचण येते ती आरक्षित नसलेल्या, परंतु भाषेने आधीच अर्थ देऊन ठेवलेल्या नावांची. सम, मॅक्स, मिन, लिस्ट, इनपुट, आयडी ही अंगभूत फंक्शनांची नावे आहेत. ती आरक्षित नाहीत. विद्यार्थ्याने सम = ० असे लिहिले तर पायथॉन ते मान्य करतो. त्यानंतर वीस-पंचवीस ओळींनी तोच विद्यार्थी सम हे फंक्शन वापरून यादीची बेरीज करू पाहतो, तेव्हा पूर्णांकास फंक्शनाप्रमाणे बोलावता येत नाही, अशा अर्थाचा संदेश झळकतो. संदेश ज्या ओळीकडे बोट दाखवतो, ती ओळ निर्दोष असते. जुपिटर नोटबुकमध्ये तर हा घोटाळा आणखी टिकतो. सम = ० ही ओळ पुसून टाकली तरी चालू सत्रात तिचा परिणाम राहतोच. सत्र नव्याने सुरू करावे किंवा डेल सम अशी आज्ञा द्यावी, तेव्हा मूळ फंक्शन पुन्हा दिसू लागते.

याचाच एक प्रकार फाइलच्या नावात आढळतो. यादृच्छिक संख्यांचा प्रयोग करताना विद्यार्थी आपली फाइल हटकून रँडम याच नावाने जतन करतात आणि मग इंपोर्ट रँडम या ओळीने प्रमाणित मॉड्यूलऐवजी त्यांची स्वतःचीच फाइल आत येते. ३.१३ या आवृत्तीपासून अशा वेळी फाइलचे नाव बदलण्याची सूचना पायथॉन स्वतःच देतो, ही समाधानाची बाब आहे.

नाव लिहिताच चल अस्तित्वात येते

सी किंवा जावा यांसारख्या भाषांत चल वापरण्यापूर्वी तो घोषित करावा लागतो. पायथॉनमध्ये तशी घोषणा नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव लिहिले की ते नाव अस्तित्वात येते. ही सोय आहे; पण मराठी शुद्धलेखनाशी तिची गाठ पडली की काय होते ते पुढील चार ओळींत पाहावे.

एकूण = ०
फॉर गुण इन गुणयादी:
    एकुण = एकूण + गुण
प्रिंट(एकूण)

तिसऱ्या ओळीत डावीकडील नावात णपूर्वीचा ककार ऱ्हस्व पडला आहे. पायथॉनच्या दृष्टीने एकूण व एकुण ही दोन स्वतंत्र नावे आहेत. आज्ञावली कोणत्याही तक्रारीविना पूर्ण चालते आणि उत्तर शून्य येते. शून्य आले म्हणून निदान शंका तरी येते. आरंभीची किंमत शून्याखेरीज काही असती, तर चुकीचे उत्तर खरे मानूनही पुढे जाता आले असते. अस्तित्वात नसलेले नाव वाचण्याचा प्रयत्न झाल्यास पायथॉन नामत्रुटी दाखवतो आणि ३.१० आवृत्तीपासून जवळचे नावही सुचवतो. परंतु किंमत देताना झालेली चूक त्याला चूक वाटतच नाही. रोमन लिपीतील नावांतही हे घडतेच. तेथे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ऱ्हस्व-दीर्घाचे काम करतो.

नाव वैध असणे आणि नाव पुरेसे असणे, या दोन बाबी वेगळ्या आहेत. याचे एक उदाहरण आपल्या जमीन मोजणीतून घेता येईल. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर या एककांत असते, तर गावात बोलताना एकर व गुंठे चालतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १,०७६ चौरस फूट. फरक सव्वा टक्क्याहूनही कमी आहे. आज्ञावलीत चलाचे नाव नुसते क्षेत्र असे ठेवले आणि त्यात एका ठिकाणी गुंठे व दुसऱ्या ठिकाणी आर भरले गेले, तर आलेले उत्तर पाहून कोणालाही संशय येणार नाही. परंतु एका एकराचे ४० गुंठे ४० आर म्हणून धरले गेल्यास सुमारे ५०४ चौरस फूट जमीन हिशेबातून नाहीशी होते. बांधाच्या हातभर जागेसाठी पिढ्यान्पिढ्या दावे चालतात अशा मुलखात ही चूक क्षुल्लक म्हणता येणार नाही. एका बाजूस क्षेत्र_गुंठे व दुसऱ्या बाजूस क्षेत्र_आर अशी नावे असती, तर त्यांची बेरीज करणारी ओळ लिहितानाच हात थबकला असता. अ, ब, क अशी एकाक्षरी नावे फळ्यावरील गणितात शोभतात, कारण त्यांचा अर्थ शिक्षक तोंडाने सांगत असतो. आज्ञावलीसोबत शिक्षक जात नाही.

देवनागरी नावांची शक्यता

वरील उदाहरणांत दिलेली मराठी नावे ही केवळ समजुतीसाठी योजलेली नाहीत. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत ती प्रत्यक्षात चालतात. मार्टिन फॉन लोविस यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पेप ३१३१ या प्रस्तावानुसार, युनिकोडमध्ये अक्षर म्हणून नोंद असलेल्या कोणत्याही लिपीतील चिन्हाने नाव सुरू करता येते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग व हलंत ही चिन्हे नावाच्या आरंभी येऊ शकत नाहीत, परंतु पुढे चालतात. म्हणून वय, किंमत, विद्यार्थी, एकूण_गुण ही सर्व वैध नावे आहेत. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ग्रीक लिपीतील लॅम्डा हे अक्षरही तरंगलांबीसाठी वापरता येते. आरक्षित आहे तो रोमन लिपीत लिहिलेला शब्द.

या सोयीचा अध्यापनातील उपयोग माझ्या मते पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. देवनागरी नावांनी लिहिलेल्या आज्ञावलीत भाषेचे शब्द रोमन लिपीत आणि आज्ञावलीकाराची नावे देवनागरीत दिसतात. लेखाच्या आरंभी सांगितलेला दोन शब्दवर्गांचा भेद लिपीनेच डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणता शब्द बदलता येईल आणि कोणता नाही, हे विद्यार्थ्याला तक्ता न पाहता सांगता येते. शिवाय पायथॉनमधील एकही अंगभूत नाव देवनागरीत नसल्यामुळे सम, लिस्ट यांवर अतिक्रमण होण्याचा प्रश्नच उरत नाही. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची पळवाट अनेक विद्यार्थी काढतात. परंतु तिच्यात दर व दार, कर व कार हे शब्द एकसारखेच लिहिले जातात आणि अर्थ पुन्हा धूसर होतो.

अर्थात याला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. पेप ८ मध्ये चलाचे नाव लहान अक्षरांत, क्लासचे नाव मोठ्या आद्याक्षराने आणि स्थिरांकाचे नाव सर्व मोठ्या अक्षरांत लिहावे असा संकेत आहे. देवनागरी नावांत तो पाळताच येत नाही. प्रमाणित ग्रंथालयातील नावे रोमन लिपीत व शक्यतो इंग्रजीच असावीत, असेही तीच नियमावली सांगते. इतर प्रांतांतील वा देशांतील सहकाऱ्यांसोबत काम करताना हा आग्रह रास्तच आहे. म्हणून पहिल्या सत्रातील चल, अट, लूप व फंक्शन एवढे घटक देवनागरी नावांनी शिकवावेत व क्लास या घटकापाशी येताच इंग्रजी नावांकडे वळावे, अशी विभागणी मला इष्ट वाटते. तोवर आपले नाव आणि भाषेचे नाव यांतील फरक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

लिपीच्या काही अडचणी मात्र पहिल्याच तासाला उभ्या राहतात. देवनागरी अंक नावाच्या मध्ये किंवा शेवटी चालतात, उदाहरणार्थ गुण१. परंतु वय = १८ असे संपूर्ण देवनागरीत लिहिल्यास पायथॉन ते नाकारतो, कारण आज्ञावलीतील संख्या रोमन अंकांतच लिहावी लागते. गंमत अशी की, आज्ञावली चालू असताना इनपुटद्वारे देवनागरी अंकांत भरलेली १८ ही संख्या इंट हे फंक्शन अचूक ओळखते.

दुसरी अडचण ॲ या अक्षराची. ते युनिकोडमध्ये एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून उपलब्ध आहे आणि अ वर चंद्र देऊनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. नावांची तुलना करण्यापूर्वी पायथॉन त्यांचे युनिकोडच्या नियमांनुसार प्रमाणीकरण करतो खरे, पण त्या नियमांत ही दोन रूपे समान मानलेली नाहीत. परिणामी ॲ ने सुरू होणारे एकच नाव दोन पद्धतींनी टंकलिखित झाले, तर ते दोन चल ठरतात.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. शेतकऱ्यांची या शब्दातील अर्धा र काही कळफलकांवर ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत देऊन उमटतो, तर काहींवर साध्या र नंतर हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पहिले रूप पायथॉनला मान्य आहे. दुसऱ्या रूपातील जोडचिन्ह नावात चालत नसल्याने तेथे न छापता येणाऱ्या अवैध चिन्हाची त्रुटी येते आणि डोळ्यांना तर काहीच वावगे दिसत नाही. अशा वेळी नाव अवतरणचिन्हांत घालून त्यावर आयसआयडेंटिफायर ही पद्धत चालवावी. ट्रू आले तर रूप वैध, फॉल्स आले तर कळफलकाकडे पाहावे. मात्र ही पद्धत आरक्षित शब्दांनाही वैधच ठरवते, म्हणून रोमन नावांच्या बाबतीत तिच्या जोडीला कीवर्ड मॉड्यूलमधील आयसकीवर्ड हे फंक्शन वापरावे लागते. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर एकच युनिकोड कळफलक बसवला आणि ॲ व अर्धा र यांची रूपे सत्राच्या आरंभी विद्यार्थ्यांकडून एकदा टंकलिखित करवून तपासून घेतली, तर शेवटच्या दोन्ही अडचणी पहिल्या तासापुरत्याच राहतात.